आजीचं गोंदण आणि फुकटचे गुरुजी

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकच फोटो आमच्या घरात आहे. १९५८ साली कऱ्हाडच्या एका स्टुडिओत काढलेला. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर कुंकू आणि कुंकवाच्या खाली तीन टिपक्यांचं गोंदण. फोटोच्या मधोमध एक घडी पडली आहे आणि दमट हवेनं उजव्या बाजूला डाग आले आहेत. मागच्या भारतवारीत आईनं तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्याकडे सगळी यंत्रं आहेत, बघ काही होतंय का."

इथं परत आल्यावर मी तो घाईघाईत स्कॅन केला आणि फोनवरच्या एका ॲपच्या हवाली केला. जुने फोटो नवे करून देण्याची हमी देणारी अशी ॲप्स आता खंडीभर आहेत. अर्ध्या मिनिटात फोटो तयार! घडी गेली, डाग गेले, डोळ्यांत चमक आली. मी खुशीत तो आईला पाठवला आणि लगेच फोन लावला. आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "छान आहे गं. पण ही कोण?"

मी नीट पाहिलं. गोंदण गेलं होतं. नथीच्या जागी नुसता एक चकचकीत ठिपका होता. ओठांच्या कडा किंचित वर उचलल्या गेल्या होत्या. ॲपच्या लेखी गोंदण म्हणजे कागदावरचा डाग, म्हणून त्यानं तो इमानेइतबारे पुसून टाकला होता.

लाज वाटायचं कारण वेगळंच. माझी पीएच.डी. विद्युत अभियांत्रिकीतली, आणि विषय काय, तर सिग्नलमधून नॉईज वेगळा कसा काढायचा! पाच वर्षं त्यावर घालवलेल्या बाईनं स्वतःच्या आजीच्या कपाळावरचा सिग्नल नॉईज म्हणून पुसू दिला. तेव्हाच ठरवलं, की हा विषय नीट, मुळापासून शिकायचा. कॅमेरा, प्रकाश, फोटोची दुरुस्ती, सगळंच. वर्गाला जायला वेळ नाही, त्यामुळे गुरुजी सगळे इंटरनेटवरचे आणि बहुतेक फुकटचे. वर्षभर शनिवारच्या सकाळी त्यांच्या पायाशी बसले. मुलं पोहायला जातात तेवढ्या वेळात, तलावाकाठच्या बाकावर. त्या गुरुजींचं हे परीक्षण. नुसती यादी देण्यात अर्थ नाही. यादी कुणालाही मिळते, पण कोण काय शिकवतो आणि काय शिकवायचं टाळतो, हे कुणी सांगत नाही.

मुळापासून सांगणारे

पहिला मान स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांचा. ते स्टॅनफर्डमध्ये डिजिटल फोटोग्राफीचा एक अभ्यासक्रम शिकवत. पुढे ते गूगलमध्ये गेले. पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यातली बरीच करामत त्यांच्या गटाची. २०१६ मध्ये त्यांनी तोच अभ्यासक्रम सुधारून गूगलमधल्या लोकांना शिकवला आणि त्याची अठरा व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली केली. भिंग प्रकाश कसा वळवतं, सेन्सरमध्ये प्रकाशाचा विद्युतभार कसा होतो, अंधारात फोटो दाणेदार का येतो, चित्रकारांना यथार्थदर्शन कसं सापडलं, हे सगळं त्यात येतं. गणित आहे, पण बारावीला विज्ञान घेतलेल्या माणसाला झेपेल एवढंच.

या व्याख्यानांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक नियमाच्या मागचं कारण सांगितलं जातं. छिद्राचे आकडे २, २.८, ४, ५.६ असे विचित्र का? कारण प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास दोनच्या वर्गमुळानं भागावा लागतो, म्हणून प्रत्येक आकडा मागच्याच्या १.४ पट. हे एकदा कळलं की पाठांतर संपलं. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक, त्यांत इंजिनिअरही आले, वीस वर्षं महागडे कॅमेरे गळ्यात घालून हिंडताहेत आणि हे आकडे त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केले आहेत.

उणीव सांगायची तर दोन. एक म्हणजे व्याख्यानं लांब आहेत आणि वर्गात बसल्यासारखीच ऐकावी लागतात. भाजी चिरता चिरता ऐकून काही हाती लागत नाही, मी करून पाहिलं आहे. दुसरी उणीव त्यांच्या हातची नाही. मूळ अभ्यासक्रमासाठी त्यांनी भिंग आणि छिद्र सरकवून पाहायची सुंदर खेळणी बनवली होती, ती फ्लॅशमध्ये. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झालं. इंटरनेटवरच्या विद्येचं हे असं आहे. शिक्षक असतो, विद्यार्थी असतो, पण फळाच कुणीतरी उचलून नेतो.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी 'केंब्रिज इन कलर'. शॉन मॅकह्यू यांनी केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. करत असताना हे सुरू केलं. लेख छोटे, भाषा साधी. चित्रावर माऊस नेला की आधीचं आणि नंतरचं रूप दिसतं. हिस्टोग्राम म्हणजे काय, चित्राला धार लावणं म्हणजे नेमकं काय, छिद्र फारच लहान केलं तर फोटो उलट मऊ का होतो, हे त्यांच्याइतकं स्वच्छ समजावलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. कुठंही आरडाओरड नाही, 'या सात चुका टाळा' नाही. उदाहरणं मात्र बहुतेक इमारतींची, निसर्गाची आणि वस्तूंची. माणसं फार थोडी. आणि आपण फोटो काढतो ते मुख्यतः माणसांचे. हा मुद्दा पुढं येणारच आहे.

तिसरे श्री नायर. इथं 'श्री' आदरार्थी नाही, नावच आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या या प्राध्यापकांची संगणकीय दृष्टीवरची व्याख्यानमाला फुकट पाहता येते. त्यातला प्रतिमा कशी तयार होते हा भाग फोटोग्राफी शिकणाऱ्यांनी जरूर पाहावा. व्याख्यानं छोटी छोटी आहेत, डब्यातल्या लाडवांसारखी. एक खाल्ला की दुसरा घ्यावासा वाटतो.

आणि आपला माणूस राहून कसं चालेल? नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले रमेश रासकर यांनी एमआयटीत संगणकीय कॅमेऱ्यावर शिकवलेला २००९ चा अभ्यासक्रम एमआयटीच्या मुक्त अभ्याससामग्रीत ठेवलेला आहे. तो नवशिक्यांसाठी नाही, हे आधीच सांगते. पण त्यांच्या २००६ सालच्या एका कामामागची कल्पना प्रत्येक फोटो काढणाऱ्यानं समजून घ्यावी. धावत्या गाडीचा फोटो पुसट येतो आणि तो नंतर पूर्ववत करणं जवळजवळ अशक्य असतं. कारण शटर एकसंध उघडं राहिलं की काही बारकावे त्या पुसटपणात कायमचे नाहीसे होतात. रासकर आणि सहकाऱ्यांनी शटर एका विशिष्ट क्रमानं अनेकदा उघडझाप केलं. फोटो तरीही पुसटच आला, पण बारकावे त्यात दडून शिल्लक राहिले, आणि गणितानं गाडी पुन्हा स्पष्ट करता आली. तात्पर्य काय, तर जी माहिती नोंदवली गेली ती परत मिळवता येते. जी नोंदवलीच गेली नाही, तिचा फक्त अंदाज बांधता येतो. आजीच्या फोटोपाशी येताना हे वाक्य मला उपयोगी पडलं.

कॅमेऱ्याची दुकानं आणि विद्येची दुकानं

आता दुसऱ्या जातीचे गुरुजी. हे फोटोग्राफीपेक्षा कॅमेऱ्याविषयी जास्त बोलतात. यांत सर्वांत जुनं आणि आदराचं नाव डीपीरिव्ह्यूचं. फिल अस्की यांनी १९९८ च्या डिसेंबरात ते इंग्लंडमध्ये सुरू केलं, २००७ मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलं. एकाच मांडणीचे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची त्यांची सोय खरोखर शास्त्रीय आहे. मार्च २०२३ मध्ये ॲमेझॉननं ते बंद करायचं जाहीर केलं तेव्हा लोक हादरले. पंचवीस वर्षांचं ज्ञान एका पत्रकानं जाणार होतं! त्याच वर्षी जूनमध्ये गिअर पॅट्रोल या कंपनीनं ते घेतलं म्हणून वाचलं.

त्यांच्याबद्दल कृतज्ञता ठेवूनही म्हणते, की या प्रकारच्या वाचनानं माझं नुकसान झालं. तीन शनिवार मी फक्त दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्यात घालवले. त्या काळात एकही फोटो काढला नाही. शेवटी कपाटातला बारा वर्षांपूर्वीचा कॅमेराच बाहेर काढला. आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं, मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं हिंडणार. त्या स्वभावाला ही परीक्षणं म्हणजे आयतं खाद्य. एखादा गुरुजी दर धड्याच्या शेवटी नवं भिंग घ्यायला सांगत असेल, तर तो गुरुजी नव्हे, दुकानदार आहे, एवढं ओळखायला मला ते तीन शनिवार लागले.

याच्या अगदी उलट डेव्हिड हॉबी. बाल्टिमोरच्या वृत्तपत्रातला हा छायाचित्रकार. २००६ मध्ये त्यानं 'स्ट्रोबिस्ट' या नावानं प्रकाशयोजनेचे धडे फुकट द्यायला सुरुवात केली. एक छोटा फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरा, बस्स, इथून सुरुवात. पुठ्ठा, चिकटपट्टी, पांढरी छत्री असल्या सामानावर हा माणूस प्रकाश शिकवतो. २०२१ मध्ये त्यानं नवं लिहिणं थांबवलं, पण जुने धडे सगळ्यांसाठी ठेवले. प्रकाशाचं मूळ तत्त्व काही बदलत नाही, त्यामुळे ते अजून ताजे वाटतात. स्वतःचे फसलेले फोटो दाखवून का फसले ते सांगणारा मला भेटलेला हा एकमेव गुरुजी. चांगला शिक्षक ओळखायची माझी खूण आता हीच.

आपल्या गणपतीचं काय?

एवढं शिकून मी मोठ्या ऐटीत मंडळाच्या गणेशोत्सवात फोटो काढायला गेले. ज्यांचे फोटो मी काढले त्यांची आज इथं जाहीर क्षमा मागते. काळ्या पैठणीतल्या काकूंचा चेहरा पिठासारखा पांढरा, पांढऱ्या सदऱ्यातले काका अंधारात, दागिन्यांच्या जागी पिवळे डाग, आणि अनेक फोटोंत आडवे काळसर पट्टे.

यातल्या प्रत्येक चुकीचं उत्तर माझ्या गुरुजींकडे तत्त्वरूपानं होतं. पण उदाहरण कुणाकडेच नव्हतं. त्यांच्याकडे होते आइसलँडचे धबधबे, कॅलिफोर्नियातले सूर्यास्त आणि खिडकीपाशी बसलेल्या गोऱ्या मुली. आपल्या हॉलमधला प्रसंग त्यांच्या धड्यांत नाही, म्हणून तो मी इथं मांडते.

कॅमेऱ्याचा मीटर मुळात असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे. काळी पैठणी चौकट भरून असली, की तो म्हणतो फार अंधार आहे, आणि सगळंच उजळ करतो. पांढऱ्या सदऱ्याला उलट. म्हणून मीटरचं ऐकण्याआधी समोर काय आहे ते पाहावं आणि काळ्याला थोडं कमी, पांढऱ्याला थोडं जास्त करावं. सोन्याचं आणि कुंकवासारख्या लाल साडीचं दुखणं निराळं. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम पाहिला तर तो उजव्या भिंतीवर आदळलेला असतो. तिथले बारकावे संपले, बोरमाळेचे मणी एकमेकांत मिसळले. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहायची सवय लावावी.

पट्ट्यांचं कारण मजेदार आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात. भारतात ५० हर्ट्झ, म्हणून १०० वेळा. शटरचा वेग त्या तालात बसला नाही तर पट्टे येतात. इथं एक साठांश किंवा त्याच्या आसपासचा वेग ठेवावा, तिकडे भाच्याच्या मुंजीला गेलात तर एक पन्नासांश किंवा एक शतांश. कॅमेऱ्यात देश बदलायची सोयही बहुधा असते. पासपोर्ट काढताना तीही आठवावी.

आणि समई. समईच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १९०० केल्व्हिनचा, दिवसाचा ५५०० च्या आसपास. कॅमेरा आपोआप 'दुरुस्ती' करायला जातो आणि त्या सोनेरी उजेडाला दवाखान्यातल्या उजेडाजवळ नेऊन ठेवतो. आरतीच्या वेळी ही स्वयंचलित दुरुस्ती बंद करा. पिवळेपणा ही तिथली चूक नव्हे, तेच तिथलं सत्य आहे.

त्वचेच्या रंगाचं तर अख्खं इतिहासाचं प्रकरण आहे. फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना छापून येई. त्यावर एक गोरी स्त्री असे. तिला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की छपाई बरोबर, असा हिशोब. सावळ्या आणि काळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत, आणि दशकानुदशकं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या संशोधिकेनं या प्रकरणाचा मागोवा घेतला आहे. तिच्या लेखनातून कळतं, की गडद तपकिरी छटा फिल्मवर सुधाराव्यात म्हणून कोडॅकवर जो रेटा आला, त्यात चॉकलेट बनवणाऱ्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचा वाटा होता. माणसांआधी चॉकलेटचं ऐकलं गेलं! गूगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनपासून त्वचेच्या सगळ्या छटा नीट याव्यात म्हणून मुद्दाम काम केल्याचं जाहीर केलं, म्हणजे प्रश्न किती काळ शिल्लक होता ते पाहा.

माझी तक्रार अशी, की उत्तम उत्तम फुकट धड्यांमध्येही ही शर्ली अजून बसलेली आहे. कुणी वाईट हेतूनं बसवलेली नाही. शिकवणाऱ्याच्या आसपास जे चेहरे असतात ते उदाहरणात येतात. पण शिकणाऱ्याला प्रत्येक धड्याचं मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं, आणि ज्याला ते जमत नाही तो स्वतःला मठ्ठ समजतो.

दुरुस्तीची शाळा

आता फोटो काढल्यानंतरचं काम. इथं साधनं आधी सांगते. फोटोशॉपचा जन्म १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांच्या हातून झाला. भाऊ जॉन सोबतीला. पहिली आवृत्ती १९९० ची. २०१३ मध्ये कंपनीनं यापुढं ते फक्त वर्गणीवर मिळेल असं ठरवलं, आणि घरगुती माणसाच्या दृष्टीनं ते महाग झालं. फुकटातला पर्याय म्हणजे गिंप, १९९६ पासूनचा, बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली, आणि त्यात पुष्कळ फेरफार मूळ चित्राला धक्का न लावता करता येतात. कच्च्या, म्हणजे रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही फुकट. काहीच बसवायचं नसेल तर इव्हान कुत्स्कीर यांनी बनवलेलं फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, आणि चित्र तुमच्या संगणकाबाहेर पाठवत नाही. घरच्या फोटोंच्या बाबतीत ही बाब मला महत्त्वाची वाटते.

रॉ फाइल कशासाठी? जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला चेहरा नंतर उजळायचा असेल तर या पायऱ्या हाताशी लागतात. रॉथेरपीचं माहितीपुस्तक कोरडं आहे, पण प्रामाणिक आहे. कुठली पट्टी सरकवली की आत काय घडतं, ते लिहिलेलं असतं.

व्हिडिओवरचे बहुसंख्य गुरुजी मात्र हे सांगत नाहीत. ते पाककृती सांगतात. ही पट्टी अधिक वीस, ती उणे तीस, आणि झालं. का, ते विचारायचं नाही. आपल्या आया 'अंदाजानं मीठ घाल' म्हणायच्या तेव्हा निदान चव घेऊन पाहायला लावायच्या. इथं चव घ्यायची सोयच नाही, वर मसाल्याची तयार पुडी विकायला ठेवलेली असते.

चेहऱ्याच्या दुरुस्तीचे धडे पाहताना तर मी चमकले. चित्राचे दोन थर करायचे, एकात सावकाश बदलणारे रंग, दुसऱ्यात बारीक पोत, आणि दोन्ही वेगवेगळे साफ करायचे. अरे, हा तर माझा प्रबंधाचा विषय! तंत्र उत्तम. पण धडा सुरू कुठून होतो? 'आधी चेहऱ्यावरचे दोष काढा' इथून. दोष कोणते? तीळ, वण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळजी. हे दोष आहेत हे कुणी ठरवलं, याची चर्चा एकाही धड्यात नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते ॲप काही आकाशातून पडलेलं नाही. लाखो चित्रं पाहून ते शिकलं, आणि त्या चित्रांतले कितीतरी चेहरे याच शिकवणीतून गुळगुळीत होऊन आलेले असणार. त्यानं गोंदण पुसलं, तो यंत्राचा एकट्याचा अपराध नाही. कपाळ कोरं असावं हे त्याला आपल्यासारख्याच शिष्यांनी आधी शिकवलं होतं.

अंदाज आणि अंदाज

माझे यजमान इथं म्हणाले, "तू उगाच रागावतेस. कॅमेरासुद्धा अंदाजच करतो की!" त्यांचं म्हणणं खोटं नाही. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या जाळीनुसार सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढले जातात. म्हणजे रंगीत फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती अंदाजानंच आलेली असते. आणि आणखी पुढं जायचं तर १९५८ च्या स्टुडिओवाल्यानंही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवलेली असू शकते. त्या काळी ती रीतच होती.

यावर मी बरेच दिवस विचार केला. फरक मला असा दिसतो. सेन्सर एखाद्या बिंदूचा अंदाज करतो तो त्याच चेहऱ्यावरच्या शेजारच्या बिंदूंवरून. ॲपनं आजीच्या ओठांचा अंदाज केला तो दुसऱ्याच लाखो माणसांच्या ओठांवरून. पहिल्या अंदाजाचा आधार आजी आहे, दुसऱ्याचा आधार आजी सोडून बाकी सगळे. आणि स्टुडिओवाल्याचं म्हणाल तर आजी त्याच्या समोर बसली होती. त्यानं पेन्सिल फिरवली असेलही, पण गोंदण ठेवलं. ते डाग नाही हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून शेवटचा गुरू मी निवडला तो सर्वांत रुक्ष. अमेरिकी सरकारी संस्थांनी मिळून जुन्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या स्कॅनिंगसाठी मार्गदर्शक नियम तयार केले आहेत. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, फुकट आहे. वाचायला घेतलंत तर झोप येईल. पण त्यामागची शिस्त सोन्यासारखी आहे. आधी आहे तसं नोंदवा. मूळ नोंद जपून ठेवा. जे काय सजवायचं ते प्रतीवर.

त्याप्रमाणे मी आजीचा फोटो पुन्हा स्कॅन केला. साधारण चार बाय सहा इंचाचा फोटो इंचाला ६०० बिंदूंनी घेतला तर २४०० बाय ३६०० बिंदू, म्हणजे ८६ लाखांहून अधिक. ती फाइल टिफमध्ये जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवली. मग प्रतीवर, गिंपमध्ये, वेगळ्या थरावर, घडी आणि डाग हातानं बुजवले, दर वेळी शेजारचाच तुकडा घेऊन. शेजारी मूळ फोटो आणि भिंग. शंका आली की हात थांबवायचा. चार शनिवार गेले. घडी गालावरून गेली आहे तिथं खाली काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून तिथली पुसट रेघ तशीच ठेवली.

आईला तो पाठवला. ॲपच्या फोटोपेक्षा हा कितीतरी मळकट दिसतो. आईनं फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "तिसरा टिपका जरा तिरका आहे बघ. गोंदणारीनं हात हलवला म्हणून ती शेवटपर्यंत कुरकुरायची." ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते.

ती मी फोटोच्या फाइलीतच लिहून ठेवली. चित्राच्या आत मजकूर ठेवायची जागा असते आणि तिथं देवनागरी चालतं. नाव, गाव, साल, आणि टिपक्याची हकीकत. वाचकहो, वरच्या सगळ्या गुरुजींकडे जायला तुम्हाला वेळ नसेल तर निदान एवढं करा. घरातले जुने फोटो आहेत तसे स्कॅन करा, मूळ फाइलीला हात लावू नका, आणि त्यात कोण आहे ते सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून घ्या. पुढच्या कार्यक्रमाला मी स्कॅनर घेऊन येणार आहे. तुम्ही फोटो आणा. जमल्यास आईवडलांना फोनवर घेऊन बसा.